शासनाची वीट आणि डहाणूची राख

पालघर जिल्ह्यात सध्या बांधकामांचे पर्व चालू आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला उभे राहत आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. 1 ऑगस्ट 2014 रोजी जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून कार्यालये, रस्ते, शाळाखोल्या यांची कामेही वाढली आहेत. यांपैकी काही प्रकल्पांना, विशेषतः वाढवणला, आपल्या मच्छीमार बांधवांचा विरोध आहे; तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. येथे आम्ही एका साध्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लोकांच्या पैशातून जे बांधले जाते, ते कशाचे बांधले जाते?

बोईसरच्या पुढे वाणगाव आणि त्यापुढे डहाणू. 1991 साली केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केलेल्या या तालुक्यात 500 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के असते. म्हणजे कोळसा जळाला की सुमारे एक तृतीयांश भार राखेच्या रूपाने मागे उरतो. ही राख तलावात साठवून ठेवता येते किंवा तिची वीट करता येते. राख, दगडाची भुकटी, चुना किंवा सिमेंट यांचे मिश्रण यंत्रात दाबून त्यावर पाणी मारीत राहिले की वीट तयार होते. तिला भट्टी लागत नाही आणि शेतातली मातीही लागत नाही.

अशा टाकाऊ मालाला गिऱ्हाईक मिळवून द्यायचे, तर शासनाइतका मोठा ग्राहक दुसरा नाही. अमेरिकेत 1976 च्या कायद्याने सरकारी खात्यांवर पुनर्वापरित मालाच्या खरेदीचे बंधन घातले आणि 1993 साली अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी कागदात किमान 20 टक्के वापरलेल्या कागदाचा अंश असावा, असा आदेश काढला. आपल्याकडेही नियमांची उणीव नाही. 14 सप्टेंबर 1999 च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून 50 कि.मी.च्या आत भाजलेल्या विटांत किमान 25 टक्के राख मिसळणे सक्तीचे केले. हे अंतर 2003 साली 100 आणि 2016 साली 300 कि.मी. झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनुसार या 300 कि.मी.च्या टापूतील शासकीय, निमशासकीय आणि खाजगी बांधकामांत राखेचा माल वापरणे बंधनकारक आहे. अवघा पालघर जिल्हा या टापूत येतो.

मात्र या बंधनाला एक अट जोडलेली आहे. राखेची वीट पर्यायी मालापेक्षा महाग नसावी. वरवर पाहता ही अट रास्त वाटते; पण खरी गोम येथेच आहे. नियम दिल्लीत होतो, परंतु शाळेच्या भिंतीत कोणती वीट लागेल हे दरसूची, अंदाजपत्रक आणि निविदा यांत ठरते. तेथे दोन विटांच्या किमती शेजारी शेजारी मांडल्या जातात. लाल वीट स्वस्त का पडते, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

त्याचे उत्तर आपल्या परिसरातील वीटभट्ट्यांवर मिळते. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पाऊस येईपर्यंत ती फेडीत राहतात. मुलांची शाळा सुटते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. तरीही श्रमजीवी संघटनेला 1980 च्या दशकापासून या भागातील वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढावे लागले. शेताचा वरचा सुपीक थर एकदा खरवडला की तो पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात. या दोन्ही गोष्टींचे मोल लाल विटेच्या दरात धरलेले नसते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना शासन नकळत हे न धरलेले मोलही पदरात पाडून घेते.

तथापि ‘पुनर्वापर’ हा शब्द ऐकून निश्चिंत होण्याचेही कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहत 93.69 गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरली. रासायनिक कारखान्यांचा घातक गाळ हा विटेचा कच्चा माल नव्हे. म्हणून शासनाने वीट घेताना तिच्या मजबुतीबरोबरच तिच्यात काय मिसळले आहे याचीही प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. राख उघड्या ट्रकमधून नेली जाऊ नये आणि कामगारांना मुखपट्टी मिळावी. अन्यथा नदीनाल्यात जाणारे विष भिंतीत आणि फुफ्फुसांत जाईल, एवढाच फरक पडेल.

आणखी एक जबाबदारी उरते. भट्ट्या कमी झाल्या तर त्यांवर जगणाऱ्या कुटुंबांनी कोठे जावे? निर्णय न्याय्य व्हायचा असेल, तर राखेच्या विटांच्या कारखान्यांत याच कुटुंबांना गावाजवळ, उचलीविना आणि किमान वेतनाने काम मिळाले पाहिजे. निविदेत तशी अट घालणे शासनाला अशक्य नाही.

खरेदी करणाऱ्यावर नैतिक जबाबदारी असते, हा विचार पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 साली मांडला आणि पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्याचे स्मरण करून दिले. तो आपल्यालाही लागू आहे. गावात शाळा वा अंगणवाडी बांधली जात असेल, तर ग्रामसभेत अंदाजपत्रक मागावे. ते मिळाले नाही, तर 2005 चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. विटेच्या रकान्यात काय लिहिले आहे, एवढेच प्रथम पाहावे. आणि आपल्या धर्मग्रामाचे सभागृह किंवा स्वतःचे घर बांधताना हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. शासनाकडून जी अपेक्षा आपण करतो, तिची सुरुवात आपल्या अंगणातून व्हायला हवी.