बिऱ्हाडातील मुके सोबती

खानापूर, निपाणी, चिकोडी यांसारख्या गावांत बदलीमुळे येणाऱ्या कुटुंबास बिऱ्हाडासाठी घरे पाहत हिंडावे लागते. माणसे किती, नोकरी कोठे, भाडे किती, हे सारे जुळत आले म्हणजे घरमालक विचारतात, "कुत्रे-मांजर नाही ना?" 'आहे' असे उत्तर येताच बोलणे संपते. जनावर केवढे आहे, त्यास लस टोचली आहे काय, याची चौकशीही होत नाही. हा घाईचा नकार आम्हांस अन्यायाचा वाटतो.

घरमालकांची बाजू आम्ही जाणतो. दारावर नखांचे ओरखडे उठतात, भिंतीत मुरलेला वास रंग देऊनही लवकर जात नाही, आणि रात्रीचे भुंकणे शेजाऱ्यांस सोसावे लागते. पूर्वीच्या वाड्यास परसू होते, गोठा होता. धान्याच्या कोठीपाशी तर मांजर हवेच असे! आता दोन खोल्या आणि एक सामाईक जिना. परंतु अडचणीवर अटी घालता येतात. दरवर्षी रेबीजची लस, जिन्यात साखळी, घाण उचलण्याची जबाबदारी आणि नुकसानीची भरपाई अनामत रकमेतून, एवढे करारात लिहून घ्यावे. रहिवासी संघांनी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, अशा सूचना भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढल्या आहेत. मालक व बिऱ्हाडकरू यांचा व्यवहार मात्र मुख्यतः करारावरच चालतो. म्हणूनच तो लिहिण्यापूर्वी मोकळेपणी बोलणे व्हावे.

बिऱ्हाडकरूंनीही लपवाछपवी सोडावी. मांजर टोपलीत झाकून आणावयाचे आणि महिन्याने ते खिडकीत बसलेले मालकांनी पाहावयाचे, यात पुढे येणाऱ्यांचीही वाट बंद होते.

घर मिळेनासे झाले म्हणजे कित्येकदा ते जनावर गावाबाहेर सोडले जाते. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावरास सबळ कारणाविना टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. घरच्या भाकरीवर वाढलेल्या कुत्र्यास उकिरड्यावर झगडून पोट भरणे कोठून जमणार?

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा २००५ साली टपाल तिकिटावर आला, याचा आपल्याकडे अभिमान वाटतो. त्यास धावावयास मोकळे रान लागते. दोन खोल्यांच्या घरात त्याला घेण्यास कोणी नकार दिला, तर आम्ही मालकांचीच बाजू घेऊ. पण उन्हाच्या तिरिपेत दिवसभर झोपणाऱ्या म्हाताऱ्या मांजरीलाही तोच नकार मिळावा, हे आम्हांस पटत नाही.