जुनी मोटरसायकल, जाड ऑईल आणि बाबांची वही

खंबाटकीचा घाट अर्धा चढून झाला होता. तिसऱ्या गिअरवर अॅक्सिलरेटर पिळला, इंजिनानं जोरात आवाज केला आणि गाडी मात्र आहे त्याच वेगानं रखडत राहिली. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आता आपल्याला ओव्हरटेक करतो की काय, अशी परिस्थिती. क्लच स्लिप होत होता. आणि गंमत म्हणजे हा उद्योग मी स्वतःच्या हातानं, 'गाडीचे लाड' म्हणून केला होता.

गाडी बाबांची. १९९९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर. बाबांचे गुडघे बोलू लागल्यावर ती साताऱ्याहून पुण्याला माझ्याकडे आली. त्याच सुमारास कारची सर्व्हिसिंग झाली होती आणि कॅनमध्ये लिटरभर ऑईल उरलं होतं. फुली सिंथेटिक, ५डब्ल्यू३०, भलतंच महाग. मनात आलं, म्हाताऱ्या इंजिनाला जरा चांगलंचुंगलं खाऊ घालू. चांगलं ते चांगलंच असणार ना! कोड लिहिताना 'लेटेस्ट व्हर्जन टाकलं की झालं' असं म्हणणाऱ्या ज्युनिअरला मी ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं त्या दिवशी घाटानं माझ्याकडे बघितलं.

झालं होतं असं. कारमध्ये क्लच इंजिन ऑईलच्या बाहेर, कोरडा असतो. आपल्याकडच्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटरसायकलींमध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिघं एकाच ऑईलमध्ये संसार करतात. क्लचच्या प्लेटी ऑईलमध्ये बुडालेल्या. पेट्रोल वाचावं म्हणून कारच्या पातळ ऑईलांमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. क्लचला तर घर्षणच हवं असतं, त्याचं पोटच त्यावर चालतं. ते काढून घेतलं की प्लेटी एकमेकींवरून घसरणार, दुसरं काय?

तर या फजितीनंतर मी दोन-तीन वीकेंड या विषयात घातले. त्यातून झालेलं माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या मोटरसायकलला महाग ऑईल लागत नाही आणि जाडही लागत नाही. तिला तिच्या स्पेकमधलं साधं ऑईल वेळेवर लागतं. बाकी सगळा मार्केटिंगचा आणि आपल्या आळसाचा खेळ आहे.

आता आकड्यांचं बघू. १०डब्ल्यू३०, २०डब्ल्यू४०, २०डब्ल्यू५०.. हे आकडे बघून बरेच जण 'मोठा आकडा म्हणजे जास्त दमदार ऑईल' असं धरून चालतात. तसं काही नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा सांगतो की थंडीत ऑईल किती सहज हलतं. आणि थंडी म्हणजे आपली शाल-स्वेटरवाली नव्हे. थंड इंजिन फिरवायच्या चाचणीत २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. पुण्यात पारा आठ-नऊवर आला की आपण पेपरात बातमी देतो! म्हणजे आपल्याकडे पहिल्या आकड्यानं फार काही अडत नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर १०डब्ल्यू वरपर्यंत थोडं लवकर पोहोचतं, एवढा फायदा आहे, आणि तो चांगलाच आहे.

खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा. १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती घट्ट राहतं ते हा आकडा सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. इंजिन बनवणाऱ्यानं बेअरिंगमधली फट, पंप आणि ऑईलच्या वाटा हे सगळं यातला एखादा पट्टा डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवलेलं असतं. म्हणून कंपनीचं माहितीपुस्तक हेच अंतिम डॉक्युमेंटेशन. पल्सर १५० ला बजाज २०डब्ल्यू५० सांगत आली आहे, मग तिच्यात तेच घाला. शेजाऱ्याच्या पल्सरला चालतं म्हणून स्प्लेंडरमध्ये मात्र घालू नका.

माझी पंचाईत अशी की बाबांच्या गाडीचं पुस्तक दोन घरं बदलताना कुठंतरी गेलं. हिरो आज याच घराण्यातल्या इंजिनांसाठी १०डब्ल्यू३० विकते. गॅरेजवाले जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं २०डब्ल्यू४० ओतत आले आणि त्यावरही या गाड्या लाखभर किलोमीटर पळाल्या. माझा हिशोब सरळ आहे. इंजिन धडधाकट असेल तर १०डब्ल्यू३०. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडणं रोजचंच असेल तर २०डब्ल्यू४० घ्यायला हरकत नाही. एअर-कूल्ड इंजिन वाऱ्यावर थंड होतं, आणि सिग्नलला कसला आलाय वारा?

आकड्यांनंतर अक्षरं. बाटलीवर एपीआय लिहिलेलं असतं. आमच्या धंद्यातलं एपीआय वेगळं, हे म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. एसजे, एसएल, एसएम, एसएन अशी ही शिडी वर जाते. पुढे २०२० साली एसपी ही पायरी आली. साधारणपणे वरची पायरी खालच्यापेक्षा सरस मानली जाते, पण ही शिडी मुळात कारसाठी आहे. कारच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास नको म्हणून पातळ ग्रेडच्या नव्या ऑईलांत फॉस्फरसवर मर्यादा आली, आणि जुन्या इंजिनाची झीज रोखणारं रसायन नेमकं जस्त आणि फॉस्फरसचंच असतं. म्हणजे नवीन आवृत्ती इथे डोळे झाकून बॅकवर्ड कम्पॅटिबल नाही.

आपल्या कामाचं अक्षर वेगळंच आहे : जासो एमए. नव्वदच्या दशकात कारची ऑईलं घसरडी होत गेली आणि दुचाकीवाल्यांचे क्लच रडू लागले. तेव्हा १९९८ साली जपानमध्ये खास फोर-स्ट्रोक दुचाकींसाठी हे मानक आलं. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं. २००६ मध्ये त्यात एमए१ आणि एमए२ असे दोन गट पडले. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ते अॅक्टिवासारख्या कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. घरात एक स्कूटर आणि एक बाईक असेल (मराठी मध्यमवर्गात असतेच) तर एकाच बाटलीत दोघींचं भागवू नका. खरेदी करताना एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही ठेवा : बाटली फिरवून मागच्या बाजूला एमए किंवा एमए२ शोधायचं. नसेल तर बाटली परत.

मग सिंथेटिक की मिनरल? इथे लोक हिरिरीनं भांडतात, म्हणून एक किस्सा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातींवरून वाद झाला. खूप शुद्ध केलेल्या खनिज तेलाला 'सिंथेटिक' म्हणायचं की नाही, हा मुद्दा. १९९९ साली तिथल्या जाहिरात-नियमन संस्थेनं म्हणू द्यायचा कौल दिला. तेव्हापासून 'फुली सिंथेटिक' या शब्दांवरून बाटलीत नक्की काय आहे ते पूर्ण कळत नाही. चांगलं सिंथेटिक उष्णता जास्त सोसतं आणि जास्त दिवस टिकतं, यात वाद नाही. पण ९७ सीसीचं, निवांत फिरणारं इंजिन त्या मर्यादेपर्यंत जातच नाही. शिवाय गिअरचे दात ऑईलमधल्या लांबलचक पॉलिमरांचे तुकडे करत असतात, त्यानं ऑईल पातळ होतं, आणि ते सिंथेटिकलाही पूर्णपणे चुकत नाही. तेवढ्याच पैशांत साधं ऑईल दोनदा बदलता येत असेल, तर मी दोनदा बदलीन.

आता जुनी म्हणजे कुठली जुनी, हेही बघायला हवं. आरएक्स १०० असेल तर हा वरचा सगळा उपदेश गैरलागू. ती टू-स्ट्रोक, तिचं टूटी ऑईल पेट्रोलबरोबर जळतं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. कास्ट आयर्न बुलेटलाही इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेन यांचा कारभार वेगवेगळा. सगळ्या जुन्या गाड्यांना मिळून एक रामबाण उत्तर नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा.

योग्य ऑईल घातलं, पाचशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा बदललं, क्लच ठिकाणावर आला. (माझं नशीब. कधीकधी प्लेटीच बदलाव्या लागतात.) पण महिन्याभरात दिसलं की ऑईलची पातळी उतरतेय आणि अॅक्सिलरेटर दिला की सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑईल जळतंय. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दाखवलं. तिथला माणूस मोठ्या मायेनं म्हणाला, "साहेब, कशाला इंजिन खोलताय? २०डब्ल्यू५० टाका, धूर बंद. आणि मग विकून टाका की, गिऱ्हाईक मी आणतो."

खरं सांगतो, क्षणभर पटलं. जाड ऑईल झिजलेल्या रिंगांच्या फटीतून कमी निसटतं, धूर कमी होतो, आवाज दबतो. म्हणजे ऑफिसात आपण ज्याला वर्कअराउंड म्हणतो ते. एरर दुरुस्त करायची नाही, फक्त लॉगमध्ये दिसू द्यायची नाही. रिंगा झिजतच राहतात. जाड ऑईल सकाळी उशिरा वर पोहोचतं, पंपावर ताण येतो, अॅव्हरेज पडतं. इंजिन लगेच मरत नाही, पण त्याचं दुखणं झाकलं जातं. आणि अशी गाडी विकायची म्हणजे ते दुखणं गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. एवढी जुनी स्प्लेंडर कोण घेतो? दुधाच्या किटल्या लावणारा, नाहीतर पहिल्या नोकरीवरचा डिलिव्हरीचा पोरगा. महिन्याभरात तो धूर त्याला दिसणार, आणि इंजिन खोलायला त्याच्याकडे माझ्याइतकेही पैसे नसणार.

बाबांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "डिकीच्या पिशवीत वही आहे, बघ." बघितली. निळ्या शाईत १९९९ पासूनच्या तारखा, किलोमीटरचे आकडे आणि पुढे 'ऑईल बदलले'. दर दोन हजार किलोमीटरला, न चुकता. ग्रेडचा कुठेही उल्लेख नाही! मग शेवटची चार पानं बघितली. तारखा विरळ होत गेलेल्या. 'गाडी फारशी चालत नाही' म्हणून दोन-दोन वर्षं ऑईल तसंच. त्यातला बराचसा काळ गाडी माझ्या ताब्यातला. म्हणजे नुसत्या वयानं नाही, दुर्लक्षानंही रिंगा झिजल्या होत्या. कमी चालणाऱ्या गाडीत तर ऑईल उलट लवकर नासतं. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पाणी आणि पेट्रोल ऑईलमध्येच राहतं. त्यामुळे किलोमीटर भरोत न भरोत, वर्षातून एकदा ऑईल बदलायलाच हवं.

दुसऱ्या एका गॅरेजमध्ये कम्प्रेशन तपासलं. कमी भरलं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजलं तर वाढलं. याचा अर्थ गळती रिंगांतूनच, व्हॉल्व्हमधून नाही. बोअर केला, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या. उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत ऑईलमधला कचरा भोवऱ्यासारखा फिरवून बाजूला काढणारा फिल्टर असतो. या गाडीला कागदी फिल्टर नाहीच. तो उघडला तर आत काळ्या गाळाचा थर! खर्च शनिवार-रविवारच्या एका कोकण सहलीइतका.

आता नियम मोजकेच आहेत. महिन्यातून दोनदा गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावायची, काडी पुसून, न पिरगळता नुसती टेकवून पातळी बघायची. एमए लिहिलेलं १०डब्ल्यू३०. दोन हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. रिकामी बाटली चेचून टाकायची, म्हणजे तिच्यात कुणी भेसळ भरून विकणार नाही. काढलेलं काळं ऑईल गटारात न ओतता, ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यायचं.

परवा पुन्हा खंबाटकी चढलो. तिसऱ्या गिअरवर, धूर नाही, घसरण नाही. साताऱ्याला पोहोचल्यावर बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, सायलेन्सरच्या तोंडाला बोट लावून बघितलं आणि वही मागितली. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले, आणि चष्मा वर करून विचारलं, "ग्रेड काय म्हणालास? या वेळी तेही लिहून ठेवू."