मरळीच्या तोंडात बोट घालू नका!

गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलमागच्या तळ्यावर माझ्या गळाला मरळ लागली. पोरांचा आरडाओरडा, मी हिरो! गळ काढायला सरळ तिच्या तोंडात बोटं घातली. तिने एकच झटका दिला आणि गळ माझ्या अंगठ्यात, वर दातांचे ओरखडे. रात्री दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेक्टर सरांची बोलणी वेगळीच.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: खिशात पकड नसेल तर गळ टाकूच नये. वर्कशॉपमध्ये तापलेल्या जॉबला आपण सांडशीशिवाय हात लावतो का? मग इथेच कसली मर्दुमकी?

गळाच्या टोकाजवळची उलटी नखी आधीच पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे तो आल्या वाटेने सुटतो. हात ओले करा. कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. ओल्या गोणपाटावर मासा धरून लांब तोंडाच्या पकडीने गळ काढा. खोल गिळला असेल तर ओढाओढ नको, तंगूस तोंडाजवळ कापा.

"मरळ चिवट, पाण्याबाहेरही जगते," असं पोरं म्हणतात. ती हवेत श्वास घेते हे खरं, पण त्याने फाटलेला जबडा शिवला जात नाही. शिवाय पावसाळ्यात ती पिल्लं राखते. राखणदार गेला की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात.

खायची असेल तर डोक्यात घाव घालून आधी मारा, मग गळ काढा. सोडायची असेल तर धड सोडा. अर्धवट काम सबमिशनला खपतं, इथे नाही!