समुपदेशक स्वारगेटलाच का गाठायचा?

नैराश्यावर ऑनलाइन उपचार म्हटलं की पुण्यातल्या जाणत्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ‘समोर बसल्याशिवाय मन कसं कळणार?’ हा त्यांचा लाडका आक्षेप. आक्षेप घेणारा बहुधा डेक्कन-कोथरूडकडचा. त्याचा समुपदेशक रिक्षाच्या अंतरावर. भोरच्या माणसाने मात्र सकाळची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचं, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत दवाखाना गाठायचा, पाऊण तास बोलायचं आणि परत फलाटावर येऊन उभं राहायचं. रोज बुडाला तो वेगळाच. हे दर आठवड्याला, आणि तेही अंथरुणातून उठून दात घासणंसुद्धा जिवावर येतं अशा आजारात! दुसऱ्या भेटीला तो आला नाही की आपण म्हणायला मोकळे, ‘पेशंटलाच बरं व्हायचं नाही.’ 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्यासारख्या आजारांच्या दर दहांपैकी आठांहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. ‘समोरासमोर की पडद्यावर’ हा वाद उरलेल्या दोघांपुरता आहे.

शिवाय समोर बसलं की माणूस मोकळा होतो, हे कोणी ठरवलं? र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, तेव्हा घरच्या डॉक्टरला विचारायची हिंमत नसलेले लैंगिक प्रश्न लोक त्यांना टपालाने विचारत. लाजेच्या विषयात अंतराचा आधारच होतो. नैराश्य आजही आपल्याकडे लाजेचाच विषय आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: ॲप उतरवून घेतलं, चार दिवस हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवलं आणि सोडून दिलं, याला उपचार म्हणायचं का? मुळीच नाही. पण मी त्याची बाजू मांडतच नाही. मार्गदर्शित ऑनलाइन उपचारात दर आठवड्याला एक धडा असतो, गृहपाठ असतो आणि तो वाचून उत्तर देणारा प्रशिक्षित माणूस असतो. समजा, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतला एखादा मुलगा लिहितो, ‘पूर्वपरीक्षेच्या यादीत नंबर नाही, म्हणजे मी नालायक.’ समुपदेशक विचारतो, ‘यादीत नसलेला शेजारचा मित्रही नालायक का?’ आणि या आठवड्याचं काम देतो: रोज संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालून यायचं, आल्यावर मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे. पुढच्या आठवड्यात तो हे विचारणार, हे मुलाला ठाऊक असतं. खरं औषध तिथे आहे. अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून 2021 मध्ये झालेल्या विश्लेषणातही हेच दिसलं: सौम्य लक्षणांत माणूस असला-नसला तरी फारसा फरक नाही, मध्यम आणि तीव्र लक्षणांत मात्र मार्गदर्शक असलेला उपचार सरस ठरतो.

‘पण असे मार्गदर्शक आणायचे कुठून?’ गोव्यातून शिका! ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नेमकं प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे 64 टक्के रुग्ण आजाराच्या रेषेखाली आले. नेहमीच्या उपचारांत ते प्रमाण 39 टक्के होतं. त्या बैठका प्रत्यक्ष झाल्या होत्या, हे खरं. पण प्रशिक्षण आणि देखरेख पडद्यावरून होणार नाही असं थोडंच आहे? अर्थात ही सवलत भोंदूंना नाही. इन्स्टाग्रामवर स्वतःला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक खुशाल विचारावा.

खरी अडचण निराळीच आहे, आणि विरोधक ती काढत नाहीत, कारण त्यांच्या घरात दारं बंद होतात. दोन खोल्यांत सासू, दीर आणि मुलं असताना सुनेने कुणाशी काय बोलायचं? मोबाइल तरी तिचा एकटीचा असतो का? यावर उपाय गावातच आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक खोली, आठवड्यातून ठरावीक वेळ, आणि ‘बीपी तपासायला जाते’ एवढं सांगण्याची सोय.

राहिला आत्महत्येचा धोका. नैराश्य मोजण्याच्या प्रचलित नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे खूण पडली की पुढच्या धड्याची वाट न पाहता त्याच दिवशी मार्गदर्शकाने फोन करायला हवा, आणि गरज पडली तर प्रत्यक्ष डॉक्टरांकडे न्यायला हवं. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. ज्या ऑनलाइन सेवेकडे त्याच दिवशी फोन करण्याची व्यवस्था नाही, ती बंद करा म्हणून ओरडणाऱ्यांत माझाही आवाज धरा.