वंगण गाडीवानाचे, धाव लोहाराची

मालवाहू पिकअपच्या डिझेल फिल्टरचा विचार वृत्तपत्राच्या या पानावर व्हावा, ही गोष्ट काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. चलनवाढ, तूट, हमीभाव हे अर्थशास्त्राचे मान्यताप्राप्त विषय. गाडीखाली आडवे होऊन पाना फिरविणे हे मिस्त्रीचे काम. परंतु परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावाचा अर्थव्यवहार आज ज्या चाकांवर चालतो, ती चाके रेल्वेची नाहीत आणि बैलगाडीचीही राहिलेली नाहीत. सोयाबीन, कापूस, भाजीपाला, दूध, खताची पोती, लग्नाच्या मांडवाचे सामान या साऱ्यांची ने-आण पिकअप करते. ही गाडी बहुधा कर्जाने घेतलेली असते, आणि गाडी उभी राहिली म्हणून कर्जाचा हप्ता काही उभा राहत नाही. ती उभी राहण्याच्या कारणांपैकी अगदी क्षुल्लक, पण वारंवार उद्भवणारे एक कारण म्हणजे तुंबलेला किंवा पाण्याने भरलेला डिझेल फिल्टर.

हा फिल्टर मालकाने घरीच बदलावा की नाही? प्रश्न वरवर घरगुती वाटतो. पण त्याच्या पोटात श्रमविभागणीचा मूळ प्रश्न दडलेला आहे.

ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीची थोरवी गायिली, हे अकरावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्याच ग्रंथात थोडे पुढे त्याने या तत्त्वाला जी मर्यादा घातली, ती मात्र वर्गात घाईने उरकली जाते. श्रमविभागणी बाजारपेठेच्या व्याप्तीपलीकडे जाऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील विरळ वस्तीत शेतकऱ्याला स्वतःच्या कुटुंबापुरता खाटीक, भटारी आणि मद्य गाळणारा असे सर्व काही व्हावे लागते, हा दाखलाही त्यानेच दिला आहे. पुण्याच्या गाडीमालकाने फिल्टर बदलायला गाडी कार्यशाळेत नेली, तर त्यात शहाणपण आहे. सोनपेठच्या मालकाने त्याच कामासाठी परळी किंवा परभणी गाठायची, रांगेत गाडी लावायची आणि दिवसाचे भाडे बुडवायचे, याला काटकसर म्हणता येणार नाही. काम तासाभराचे, त्यासाठी मोडतो तो आख्खा दिवस.

तथापि, 'वेळ आणि पैसा वाचतो' एवढ्यावर हा विषय संपवणे योग्य नव्हे. फिल्टर कशासाठी असतो, हे नीट समजल्याखेरीज घरच्या कामाची योग्यायोग्यता ठरत नाही. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीरीत्या चालले. परंतु ते मालमोटारीत सहजी बसू लागले ते १९२७ नंतर, रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने इंधन फवारणारे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केल्यावर. भारतात हाच कारभार १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या मायको कंपनीने आरंभिला, आणि पुढे नाशिकच्या कारखान्यात नोझल व इंजेक्टर तयार होऊ लागले. 'मायको' हा शब्द गावोगावच्या मिस्त्रींच्या तोंडी एखाद्या सामान्यनामासारखा बसला आहे, तो त्यामुळेच. या पंपांतील व इंजेक्टरांतील सरकत्या भागांमध्ये अवघ्या दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरली जाते. एवढ्या बारीक फटीत धुळीचा कण शिरला तर तो कानशीसारखे काम करतो. शिवाय या पंपाला स्वतंत्र वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. डिझेलमध्ये पाणी आले की वंगणाचा पदर तुटतो आणि धातूवर धातू घासतो.

पाणी येते कोठून? भेसळीचा संशय नेहमीच पंपवाल्यावर घेतला जातो, आणि तो प्रत्येक वेळी अस्थानी असतो असेही नाही. पण पुष्कळ वेळा पाणी मालकाच्याच हातून येते. शेतावर ट्रॅक्टर व इंजिनासाठी कॅनमध्ये, पत्र्याच्या पिंपात डिझेल साठविण्याची रीत मराठवाड्यात सर्वत्र आहे. अर्धे रिकामे पिंप वा अर्धी रिकामी टाकी पावसाळ्याच्या दमट रात्री थंड झाली की आतल्या हवेतील बाष्प पत्र्याच्या अंगावर धरते व तळाशी उतरते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे हे पाणी वर दिसत नाही, ते खालून इंजिनाकडे जाते. फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडण्याचा जो लहानसा स्क्रू असतो, तो याचसाठी. कित्येक गाड्यांचा हा स्क्रू फिल्टर बदलण्याच्या दिवसापर्यंत कुणी फिरविलेलाच नसतो.

येथे अर्थशास्त्रातील आणखी एक गोष्ट लागू पडते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. या विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फिल्टर ही तशीच वस्तू आहे. पत्र्याच्या डबीतील कागद चांगला की वाईट, हे बाहेरून कळत नाही. डबी बदलली की नुसती पुसून तीच बसविली, हेही गाडी दूर उभी करून चहा प्यायला गेलेल्या मालकाला कळत नाही. प्रामाणिक मिस्त्री पुष्कळ आहेत, पण त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण पटविण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते. जो मालक आयुष्यात दोनदा तरी स्वतः फिल्टर उघडून पाहतो, जुन्या फिल्टरमधले डिझेल काचेच्या बाटलीत ओतून तळाला पाणी बसते का ते बघतो, त्याला हे साधन लाभते. तो पुढे काम मिस्त्रीला देईलही. पण आंधळेपणाने देणार नाही.

मग सारीच दुरुस्ती घरी करावी काय? नाही. या बाबतीत जुन्या बैलगाडीकडे पाहिले तर सीमारेषा स्वच्छ दिसते. आखाला वंगण घालणे हे गाडीवानाचे नित्यकर्म होते. त्यासाठी तो कुणाच्या दारात जात नसे. चाकाला लोखंडी धाव चढविण्यासाठी मात्र लोहाराचा भाता आणि लोहाराचाच हात लागे. डिझेल गाडीत फिल्टर हे वंगण आहे. पंप व इंजेक्टर ही धाव आहे. ही सीमा ओलांडणारा मालक पैसे वाचवीत नाही, जीव धोक्यात घालतो. आजच्या कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब सोळाशे बार किंवा त्याहूनही अधिक असतो. म्हणजे पिकअपच्या टायरमधील हवेच्या सुमारे चारशे पट. चालू इंजिनाची त्या बाजूची नळी सैल केली, तर सुईसारखी धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज भासते. जुन्या पंपांच्या इंजिनात नोझलकडची नळी सैल करून 'एअर' काढण्याची जी सवय हातांना जडली आहे, ती नव्या गाडीवर चालविणे घातक आहे, ते याकरिताच.

उरते ते साधे काम, आणि ते साध्याच शिस्तीने करावे लागते. इंजिन थंड हवे आणि जागा उघडी. आपल्याकडे वाहनाच्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असे मानक आहे. परभणीचा मे महिना याच्या बराच पुढे जातो, तेव्हा डिझेल पेट्रोलइतके भडकत नाही म्हणून शेजारी विडी ओढणे हा निव्वळ अविचार होय. घराभोवतीची धूळ आधी पुसून घ्यावी, कारण जी घाण अडविण्यासाठी फिल्टर बसवायचा तीच बसविताना आत गेली तर कष्ट वाया. जुनी रबरी कडी चिकटून राहिली नाही ना हे पाहावे, नव्या कडीला डिझेलचे बोट लावावे, आणि डबीवर छापले असेल तितकाच आट्यांचा फेर द्यावा. पान्याने आवळून बसविलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. नंतर हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढायची, किंवा विजेचा पंप असलेल्या गाडीत चावी फिरवून पंपाला थोडा अवसर द्यायचा. कोणत्या गाडीला कोणती रीत, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. हमीच्या मुदतीतील गाडीवर तर हात घालण्याआधी हमीची कलमेही वाचावीत. जुना फिल्टर हवेच्या झोताने वा पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर मात्र सर्वांत महाग पडते. कागदाचे तंतू फाटतात, आणि काहीशे रुपये वाचविण्याच्या नादात दहा हजारांच्या पुढे किंमत असलेला इंजेक्टर बळी जातो.

मिस्त्रीचा धंदा बुडेल, हा आक्षेप फारसा टिकत नाही. तालुक्याच्या मिस्त्रीला आज ग्रासले आहे ते वेगळ्याच गोष्टीने. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षांश पन्नासवरून दहावर आले, हे चांगलेच झाले. पण गाडीचा दोष वाचण्यासाठी आता संगणकी यंत्र लागते, आणि ते यंत्र व त्याची माहिती कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेबाहेर सहजी मिळत नाही. याच वृत्तीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये बोट ठेवले होते. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोषाचा निष्कर्ष उचलून धरला, दंड मात्र घटविला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली व डिसेंबरमध्ये संकेतस्थळही उघडले; मोटारी आणि शेतीची अवजारे ही त्यातील चारपैकी दोन क्षेत्रे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी याच प्रश्नावर २०१२ साली थेट कौल देऊन कायदा करविला होता. आपल्याकडे अद्याप असा स्वतंत्र कायदा नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. दोन गोष्टी त्यावाचूनही होऊ शकतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ज्या संस्थेत तो चालतो, तिने हंगामापूर्वीच्या एखाद्या रविवारी पिकअप-मालकांसाठी आपले अंगण उघडे केले, तर त्याला नव्या अनुदानाची आवश्यकता नाही. आणि गाडी विकताना मालकाच्या हाती जी पुस्तिका पडते, तीत फिल्टर, पाण्याचा स्क्रू व हवा काढण्याची रीत चित्रांसह सुबोध मराठीत द्यायला कंपनीला कितीसा खर्च येणार?

जुना फिल्टर टाकावा कोठे, याचे उत्तर मात्र सोनपेठमध्येच काय, मोठ्या शहरांतही धड कुणी देत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत तेलाने माखलेले फिल्टर घातक म्हणून नोंदलेले आहेत. प्रत्यक्षात डबी उकिरड्यावर जाते आणि आतले पेलाभर डिझेल गटारातून ओढ्याला व ओढ्यातून गोदावरीला मिळते. नगरपंचायत वा नगरपालिका कोणतीही असो, तिने गॅरेजांच्या वस्तीत एक झाकणाचे पिंप ठेवून ते महिन्यातून एकदा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचते केले, तर निदान या कामाला प्रारंभ तरी होईल.