मराठी टाकू की आयटी?

पुतण्याला दहावीत बरे मार्क पडले तेव्हाच घरात काहीतरी बिनसणार, असं मला वाटलं होतं. अकरावीचा फॉर्म घेऊन चिरंजीव आले आणि भाजी निवडता निवडता विचारावं तसं म्हणाले, "काका, मराठी टाकू आणि आयटी घेऊ ना?"

टाकू! माणूस बटाट्याची सालं टाकतो, रद्दी टाकतो. भाषा टाकायची?

चौकशी केली तर पोरगं खरं बोलत होतं. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं. परीक्षा कॉम्प्युटरवर, निबंध नको, रसग्रहण नको. "मराठीत हात मोडेस्तोवर लिहूनही सर सत्तरीच्या पुढं जात नाहीत, काका," हे त्याचं गणित. नगरच्या बाजारात कांदा विकणाराही असाच हिशेब मांडतो. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच.) तेव्हा पोराशी माझं भांडण नाही. हे दोन विषय एकाच खुर्चीसाठी ज्या शहाण्यानं झुंजायला लावले, तो एकदा भेटायला हवा.

आमच्या नेवासे तालुक्यातल्या शाळेत वार्षिक हस्तलिखित निघायचं. एकच प्रत, तीही कपाटात कुलूपबंद. मी त्याचा संपादक होतो. शाळेच्या पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं, ती बातमी मी मोठ्या उमेदीनं लिहिली. गुरुजींनी ती काढली आणि त्या जागी 'आमची आनंददायी सहल' घातली. सहल गेली नव्हती, हा मुद्दा गौण! पाणी मात्र आम्ही आणखी चार दिवस तेच प्यालो.

पुढं धाकट्या भावाच्या वेळी त्याच शाळेत कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, वर फुलाफुलांचं कापड घातलं. खोलीत जाताना चपला बाहेर. वीज असली तर किल्ली नसायची, किल्ली सापडली की वीज जायची. शेवटी सरांनी फळ्यावर खडूनं की-बोर्ड काढला आणि पोरं त्यावर बोटं आपटून शिकली. पुसताना अर्धी अक्षरं बाहीला!

आणि हे कुठल्या तालुक्यात? जिथल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवला त्या तालुक्यात. १९१० साली सुरू केलेलं हे सत्यशोधकी पत्र त्यांनी १९६७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत सोडलं नाही. खेड्यातच छापखाना थाटला आणि सावकार, भटजी, कुणाचीही भीड न ठेवता शेतकऱ्याची बाजू मांडली. छापखाना म्हणजे त्या काळचं आयटीच की! तेव्हा त्यांना कुणी बजावलं नाही, की पाटील, एकतर यंत्र घ्या नाहीतर मराठी घ्या.

माझं म्हणणं एवढंच, की दोन्हींचा मिळून एक विषय करा. पोरांनी दर महिन्याला गावाचं चार पानी पत्र काढावं. टँकर किती दिवसांनी आला, मुक्कामाची एसटी का बंद झाली, कांद्याला काय भाव मिळाला, हे जाऊन विचारावं, दोघा-तिघांकडून पडताळावं, शुद्ध मराठीत टाईप करावं, तक्ते मांडावेत. गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ तपासावं. कबूतर काढू नये.

"पण मार्क कसे द्यायचे?" एका प्राध्यापक मित्रानं विचारलंच. म्हटलं, सोपं आहे. बातमी वाचून सरपंच तावातावानं शाळेत आला तर वीसपैकी पंधरा. आणि चूक दाखवता न येता परत गेला, तर वीस.

पुतण्यानं आयटीच घेतलं. परवा आला. "काका, 'तऱ्हा'तला तो 'ऱ्ह' कॉम्प्युटरवर कसा उमटवायचा हो?"

मला कुठला येतोय! त्याच्याच कॉलेजातल्या मराठीच्या बाईंकडं पाठवला. त्यांच्या वर्गात यंदा अकराच पोरं आहेत. बाईंनी तिथल्या तिथं करून दाखवला म्हणे.