बेघराचा कुत्रा आणि कल्याणाचा हिशेब

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोडेस्टो नावाचे शहर आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर कर्जाचे हप्ते थकल्यामुळे या परिसरातील असंख्य कुटुंबांची घरे गेली. तेथील सरकारी प्राणिनिवाऱ्यात क्वेन स्ट्युअर्ट हे पशुवैद्य काम करीत होते. सोडून दिलेल्या प्राण्यांची संख्या एवढी वाढली होती, की धडधाकट जनावरांनाही केवळ जागेअभावी मारून टाकण्याची पाळी निवाऱ्यावर येत असे. २०११ साली स्ट्युअर्ट यांनी गरिबांना मोफत जेवण देणाऱ्या एका केंद्राबाहेर टेबल मांडले आणि जेवणासाठी आलेल्या बेघरांचे कुत्रे तपासण्यास प्रारंभ केला. पुढे रस्तोरस्ती हिंडून त्यांनी हे काम चालू ठेवले, आणि २०२३ साली सीएनएन या वृत्तवाहिनीने त्या वर्षाचे ‘हीरो’ म्हणून त्यांचा गौरव केला.

अशी बातमी वाचताना सामान्य वाचकाच्या मनात कौतुकाच्या आधी एक शंका उभी राहते. जेथे माणसालाच छप्पर नाही, तेथे त्याच्या कुत्र्याला फुकट डॉक्टर कशासाठी? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. साधने मर्यादित आणि गरजा अमर्याद, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा होय. कुत्र्याच्या लसीवर खर्च झालेला रुपया माणसाच्या औषधावर खर्च होऊ शकत नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर केवळ भूतदयेने देता येणार नाही. ते हिशेबाने दिले पाहिजे. मात्र हिशेब मांडावयाचा तर तो पुरता मांडला पाहिजे.

प्रथम या प्रश्नाचा आकार पाहावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये केलेल्या गणतीत एका रात्री ७ लाख ७१ हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली. त्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांजवळ पाळीव प्राणी असावा, असा अंदाज बेघरांसाठी झटणाऱ्या संस्था सांगत आल्या आहेत. म्हणजे हा प्रश्न हजारो माणसांचा आहे. त्यांच्यासाठी अनेक ठिकाणी कामे उभी राहिली आहेत. सॅक्रामेंटो शहरात १९९२ पासून डेव्हिस येथील विद्यापीठाचे पशुवैद्यकाचे विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली बेघरांच्या प्राण्यांसाठी मोफत दवाखाना चालवीत आले आहेत. कोलोरॅडो राज्यात २०१५ साली ‘स्ट्रीट डॉग कोअॅलिशन’ ही संस्था निघाली. इंग्लंडमध्ये २०१६ साली जेड स्टॅट आणि सॅम जोसेफ या दोन पशुवैद्यांनी ‘स्ट्रीटव्हेट’ची स्थापना केली, तिचे स्वयंसेवक औषधांच्या पिशव्या पाठीला लावून शहराच्या रस्त्यांवर फिरतात.

ही कल्पना आजकालची नव्हे. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत एका तळघरात गरिबांच्या आजारी जनावरांसाठी फुकट दवाखाना उघडला. थोड्याच वर्षांत त्यांनी घोड्याने ओढावयाची फिरती दवाखान्याची गाडीही तयार करविली. त्या काळी गाडीवानाचे गाढव किंवा घोडा हे त्याच्या पोटापाण्याचे साधन होते. तेव्हा जनावराला दिलेले औषध हे कुटुंबाच्या उत्पन्नाला दिलेले औषध आहे, हे कोणालाही सहज पटत असे. आजच्या बेघराचा कुत्रा मात्र भाडे मिळवीत नाही की ओझे वाहत नाही. म्हणून तो चैनीच्या सदरात टाकला जातो. वादाचे मूळ येथेच आहे.

हा कुत्रा चैन आहे काय? उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला रात्री सामानाच्या चोरीची आणि मारहाणीची धास्ती असते. स्त्रियांची भीती त्याहून मोठी असते. अशा वेळी पायाशी झोपलेला कुत्रा हा राखणदार असतो. थंडीच्या रात्री तो ऊब देतो. दिवसभर ज्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही, त्याच्याशी दोन शब्द बोलण्यास कुत्रा हे निमित्त होते. कोलोरॅडो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ लेस्ली अर्वाइन यांनी बेघर प्राणिपालकांच्या मुलाखती घेऊन २०१३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘माझा कुत्रा नेहमी आधी जेवतो’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवासाठी तुरुंगापासून वा व्यसनापासून दूर राहावे लागले, असे सांगणारी माणसे त्यात भेटतात. राखण, ऊब, सोबत आणि जबाबदारी या गोष्टी घर असलेला मनुष्य पैसे मोजून विकत घेतो. बेघराला त्या सर्व एका मुक्या प्राण्याकडून मिळत असतील, तर त्याने चैन केली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु स्वतःचे पोट भरता येत नसताना प्राणी पाळावाच का, असा दुसरा आक्षेप असतो. सुखवस्तू माणसाच्या खर्चाचा जाब कोणी विचारीत नाही; गरिबाच्या मात्र विडीचा, चहाचा आणि कुत्र्याचाही जाब विचारला जातो. शिवाय अनेकांनी कुत्रा पाळला तेव्हा त्यांना घर होते. घर गेले, कुत्रा उरला. अशा वेळी त्याला टाकून द्यावे, असा सल्ला देणाऱ्याने त्या सल्ल्याचा खर्चही पाहावा. टाकलेला कुत्रा सरकारी निवाऱ्यात जातो, तेथे त्याला सार्वजनिक खर्चाने पोसावे लागते किंवा मारावे लागते. मोडेस्टोत नेमके हेच घडत होते.

याहून मोठा खर्च निवाऱ्याच्या दाराशी दिसतो. अनेक निवाऱ्यांत प्राण्यांना प्रवेश नसतो. सरकारी दृष्टीने खाट उपलब्ध असते, आणि बेघराने ती ‘नाकारली’ अशी नोंद होते. वस्तुतः त्याच्यापुढे ठेवलेला पर्याय खाट की फरसबंदी असा नसतो. खाट की सोबती असा असतो. स्वर्गाच्या दारी पोहोचलेल्या युधिष्ठिराला इंद्राने कुत्र्याला मागे सोडण्यास सांगितले आणि त्याने स्वर्गाकडे पाठ फिरविली, ही महाभारतातील कथा मराठी वाचकाला सांगावयास नको. जे धर्मराजाच्या बाबतीत थोर मानले जाते, ते फूटपाथवरच्या माणसाच्या बाबतीत हेकटपणाचे ठरते, हा आपल्या न्यायबुद्धीचा दोष होय. व्यवहारातही या वृत्तीची किंमत मोजावी लागली आहे. २००५ साली कॅट्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा पाळीव प्राणी बरोबर नेता येत नाहीत म्हणून कित्येकांनी घर सोडण्यास नकार दिला. त्या अनुभवातून शहाणे होऊन अमेरिकेने २००६ साली आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचाही विचार करणे कायद्याने आवश्यक केले. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्यानेही बेघरांच्या निवाऱ्यांत प्राण्यांची सोय व्हावी म्हणून अंदाजपत्रकात ५० लाख डॉलरची तरतूद केली.

मग दवाखाना फिरता कशासाठी? कारण बेघराच्या दृष्टीने दवाखान्याचे अंतर केवळ मैलांत मोजले जात नाही. कुत्र्यासह बसमध्ये चढता येत नाही. सामान उघड्यावर टाकून जावे तर ते परत दिसेल याची शाश्वती नसते. दवाखान्यात गेल्यावर पत्ता विचारला जातो, आगाऊ पैसे मागितले जातात, आणि अंगावरच्या कपड्यांकडे पाहून इतर ग्राहक खुर्ची सरकवून घेतात. अर्थशास्त्रात ज्याला सेवेचा अप्रत्यक्ष खर्च म्हणतात, तो येथे फीपेक्षाही जड असतो. गाडीच वस्तीपाशी आली की तो जवळजवळ नाहीसा होतो. आणखी एक लाभ असा, की जो मनुष्य स्वतःच्या जखमेसाठी रुग्णालयाची पायरी चढत नाही, तो कुत्र्याच्या खरजेसाठी पशुवैद्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. त्याच रांगेत एखादी परिचारिका किंवा समाजसेविका बसलेली असेल, तर माणसाच्या उपचाराची वाट कुत्र्याच्या मागून उघडते.

हिशेबातील सर्वांत भक्कम बाजू मात्र सार्वजनिक आरोग्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात, आणि माणसाला होणाऱ्या लागणीपैकी ९९ टक्के लागण कुत्र्यांमुळे होते. भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, तर रोगाची साखळी तुटते. कुत्र्याला वर्षाकाठी एक लस टोचणे हे स्वस्त काम आहे. उलट चावा घेतलेल्या माणसाला लसीच्या अनेक मात्रा घेण्यासाठी रुग्णालयाच्या फेऱ्या कराव्या लागतात, आणि जखम खोल असेल तर महागडे प्रतिपिंडही द्यावे लागते. या लसीचा लाभ एकट्या मालकाला होत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला, पहाटे दूध टाकणाऱ्याला, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला होतो. ज्या सेवेचा लाभ सर्वांना होतो, तिचा भार ज्याच्याजवळ काहीच नाही अशा एका माणसावर टाकला, तर ती सेवा घेतलीच जाणार नाही. म्हणून ती मोफत देणे यात दानधर्मापेक्षा शहाणपण अधिक आहे. नसबंदीलाही हाच न्याय लागू पडतो.

भारतात हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर नोंदली गेली. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. मुंबईच्या उड्डाणपुलाखाली किंवा एखाद्या रेल्वे स्थानकाबाहेर संसार थाटलेल्या कुटुंबांजवळ कुत्रा दिसतो. घरचे सारे त्याला नावाने हाक मारतात, घासातला घास देतात. परंतु त्याच्या गळ्यात पट्टा नाही आणि मालकाला पत्ता नाही, म्हणून तो सरकारी भाषेत भटका ठरतो. ‘१९६२’ या क्रमांकावर बोलावता येणारे फिरते पशुदवाखाने केंद्र सरकारच्या योजनेतून राज्याराज्यांत सुरू झाले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. त्या योजनेत गाड्यांची संख्या मात्र पशुधनावरून ठरते, साधारणतः एक लाख पशुधनामागे एक गाडी. शेतकऱ्याची गाय आजारी पडली तर गाडी गोठ्यापाशी जावी हे तत्त्व मान्य झाले आहे. तेच तत्त्व शहरातील फूटपाथपर्यंत नेणे एवढेच बाकी आहे.

अर्थात या गाडीकडून भलत्या अपेक्षा करणेही बरे नव्हे. ती घर देत नाही. मोडलेले हाड जोडणे किंवा मोठी शस्त्रक्रिया रस्त्यावर होत नाही. त्यासाठी मागे कायमचे रुग्णालय असावे लागते. स्वयंसेवकांच्या रजेच्या दिवसांवर चाललेली सेवा एका शहरात भरपूर तर दुसऱ्यात शून्य अशी विषम राहते. शिवाय फुकटच्या दवाखान्याचे छायाचित्र छापून घराचा प्रश्न झाकण्याचा मोह राज्यकर्त्यांना होऊ शकतो. स्वस्त घरे आणि पुरेशी मजुरी यांना पर्याय म्हणून ही योजना कोणी पुढे करील, तर तिला विरोधच केला पाहिजे.

तथापि घरे उभी राहीपर्यंत बरीच वर्षे जातील, आणि कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. तोवर करता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. महापालिकांनी श्वानलसीकरणाची गाडी ठरलेल्या वारी रात्रनिवाऱ्यांच्या व बेघरांच्या वस्त्यांच्या जवळ उभी करावी. पत्ता न मागता लसीची नोंद करून कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालावा. पशुवैद्यक महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा काही भाग तेथे द्यावा. विद्यार्थ्यांनाही त्यातून पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळेल. आणि प्रत्येक रात्रनिवाऱ्यात एक आडोसा असा असावा, की जेथे कुत्रा बांधून त्याच्या मालकाला आत खाटेवर झोपता येईल.